खोलगडाची चुकलेली पाटी

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने 'गोव्याचे किल्ले' हा देखावा केला होता, तो आपल्याला आठवत असेल. पुठ्ठा, माती आणि रंगवलेले गोणपाट वापरून मुलांनी आग्वाद, शापोरा, रेइश मागुश, तेरेखोल, बेतूल आणि खोलगड असे सहा किल्ले उभे केले होते. प्रत्येक किल्ल्यासमोर चार ओळींची पाटी होती. त्या पाट्या लिहिण्याचे काम आमच्याकडे, म्हणजे मंडळातल्या चौघांकडे होते. दोघे सरकारी नोकरीत, एक शिक्षक आणि एक बँकेतले. खोलगडाच्या पाटीवर आम्ही लिहिले होते, "खोलगड ऊर्फ काब द राम, तालुका काणकोण. शिवकालीन मराठ्यांचा सागरी किल्ला."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर एक वयस्क गृहस्थ नातीला घेऊन दर्शनाला आले. प्रसाद घेतला, नातीला एकेक किल्ला दाखवला आणि खोलगडापाशी येऊन बराच वेळ पाटी वाचत उभे राहिले. मग आमच्याकडे वळून अगदी हळू आवाजात कोंकणीत म्हणाले, "हो गड आमच्या गांवचो. पूण हो सोंदेच्या राजाचो न्हय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चौघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर ती पाटी आम्ही कुठल्याही पुस्तकावरून लिहिली नव्हती. फोनवर फिरत आलेल्या एका संदेशातून उतरवली होती. त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. "एकदा येयात," एवढेच म्हणाले आणि गेले. पाटी मात्र विसर्जनापर्यंत तशीच राहिली, आणि हजारभर माणसांनी ती वाचली. हा लेख म्हणजे त्या पाटीची दुरुस्ती आहे. दिवाळीनंतर आम्ही खोलगडाला गेलो, वर्षभर जमेल तसे वाचले, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते आपल्यासमोर ठेवत आहोत.

वाळू संपते तिथून

मडगावहून खोलगड सुमारे २५ किलोमीटर. गोव्याचा नकाशा उघडला तर या टोकाचे महत्त्व चटकन लक्षात येते. सासष्टीचा किनारा म्हणजे वेळसावपासून मोबोरपर्यंत सुमारे २५ किलोमीटरची जवळजवळ अखंड वाळूची पट्टी. माड, वाळू आणि सपाट समुद्र. ही पट्टी साळ नदीच्या मुखाशी संपते. नदी ओलांडून बेतूलला आले की जमीन एकदम उठते. डोंगर थेट समुद्रात उतरू लागतात. तिथून दक्षिणेला काणकोणापर्यंत खडकाळ टोके, त्यांच्या कुशीत लपलेल्या छोट्या पुळणी, पुन्हा टोक, पुन्हा पुळण असा किनारा आहे. या सगळ्या टोकांत सर्वांत पुढे आलेले आणि दुरून ओळखू येणारे टोक म्हणजे रामाचे भूशिर, काब द राम. पोर्तुगीज भाषेत 'काबु' म्हणजे भूशिर. त्याच्या माथ्यावर गड आणि मागे खोल गाव.

आपल्यापैकी बहुतेकांना किल्ला म्हटले की सह्याद्रीचा काळा पाषाण डोळ्यांपुढे येतो. इथे तो दगड नाही. महाराष्ट्रभर पसरलेले ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. ते गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या घाटाकडे येऊन संपतात. काणकोणाकडचा मूळ खडक त्याहून कितीतरी जुना, दोनशे कोटी वर्षांहून अधिक वयाचा. त्याच्यावर पावसाने आणि उन्हाने शिजून तयार झालेला जांभ्याचा जाड थर बसला आहे. गोव्यात आपण ज्याला चिरा म्हणतो तो हाच. या दगडाला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात दिले. लॅटिनमध्ये 'लाटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना मऊ, विटेसारखा कापता येणारा, आणि हवा लागली की कठीण होणारा दगड. बुकाननच्या नावाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण त्याच प्रवासात तो सोंद्यालाही गेला होता. त्याचे पुढे येईलच.

आमच्यातल्या दोघांनी बांधकामाची पदविका घेतली आहे. त्यामुळे गडावर गेल्यावर आमची नजर आधी भिंतींवर गेली. तट आणि बुरूज याच जांभ्याचे आहेत. वर्षानुवर्षांच्या पावसाने काळे पडले आहेत, म्हणून लांबून काळा पाषाण वाटतात. जमिनीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, खंदक खणला आहे आणि दरवाजा त्याच बाजूला आहे. समुद्राकडे खंदकाची गरज नाही, कडाच तट आहे. बांधणाऱ्याने जागा अशी निवडली की खर्च फक्त एका बाजूला करावा लागावा. आत पाण्याची टाकी आहे. समुद्राच्या टोकावरच्या गडाला गोडे पाणी नसेल तर तो आठ दिवसही टिकत नाही, हे साधे गणित त्याने नीट मांडलेले दिसते.

रामाचे नाव

वनवासात राम, सीता आणि लक्ष्मण काही काळ या टोकावर राहिले, अशी इथली लोकश्रद्धा आहे. त्यावरूनच हे नाव पडले. श्रद्धेला आम्ही पुराव्याच्या तराजूत घालणार नाही. पण नावाबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात कितीतरी ठिकाणांना आपल्या संतांची नावे दिली. हे टोक त्यांच्या ताब्यात यायच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या जहाजांना खूण म्हणून माहीत होते, आणि त्यांनी रामाचे नाव तसेच ठेवले. इंग्रज खलाशांच्या नकाशांत आणि मार्गदर्शक पुस्तकांत हेच टोक 'केप रामस' म्हणून येते. समुद्रावरच्या माणसाला नाव बदलून चालत नाही. जी खूण सगळे एका नावाने ओळखतात, तीच अंधारात उपयोगी पडते.

आणि गडाच्या आत, त्याच रामाच्या टोकावर, संत आंतोनीचे कपेल आहे. आम्ही गेलो तेव्हा पांढरी भिंत नुकती रंगवलेली होती आणि दारात मेणबत्त्या जळत होत्या. सगळा गड ओस पडला आहे, पण तेवढ्या एका ठिकाणी माणसांचा राबता आहे. ते कपेल गावच्या माणसांनी जपले आहे, आणि रामाची कथाही गावच्याच माणसांनी जपली आहे. दोन्ही गोष्टी एकाच कड्यावर शेजारी नांदताना पाहून आम्हांला बरे वाटले.

सोंदे कुठले?

आता पाटीकडे येऊ. त्या गृहस्थांनी म्हटलेला सोंद्याचा राजा कोण? आपल्या शाळेच्या पुस्तकांत सोंदे येते ते एखाद्या ओळीत, तेही दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत. आम्ही चौघेही मराठी शाळेत शिकलो. आम्हांला पुरंदरचा तह कलमांसह पाठ होता, पण आमच्या तालुक्याच्या सीमेवर दोनशे वर्षे कोणाचे राज्य होते ते माहीत नव्हते.

सोंदे म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसीजवळचे गाव. कन्नडमध्ये सोदे. आज तिथे वादिराज मठ आहे, स्वर्णवल्ली मठ आहे, जैन मठही आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर अरसप्पा नायक याने इथे आपले घराणे स्थिर केले. हे नायक आधी विजयनगरचे मांडलिक. १५६५ साली विजयनगर पडल्यावर त्यांनी आदिलशाहीशी जुळवून घेतले. राज्य लहान, पण घाटमाथ्यावर आणि घाटाखाली दोन्हीकडे पसरलेले. श्रीमंती होती ती मिऱ्याची. सोंद्याच्या जंगलातले मिरे घाट उतरून कारवारच्या बाजूला येई, आणि त्या मिऱ्यासाठीच इंग्रजांनी कारवारला वखार घातली होती. ज्याचे धन घाटातून उतरून समुद्रावाटे जाते, त्याला किनाऱ्यावर चौक्या ठेवाव्याच लागतात. कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी असलेला सदाशिवगड सोंदेकरांनी बांधला. उत्तरेकडे काणकोणात त्यांचा पहारा होता तो खोलगडावर.

मग मराठे कुठे होते? होते, आणि फार जवळ होते. इथेच आमच्या पाटीची चूक समजून घ्यावी लागते, कारण ती पूर्ण हवेतून आलेली नव्हती.

समुद्रावरून गेलेला राजा

फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला बसरूरवर गेले. इंग्रजांच्या नोंदींत ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे असा आकडा येतो. महाराजांनी स्वतः केलेली मोठी समुद्रस्वारी ती हीच. बसरूर आजच्या उडुपी जिल्ह्यात. परत येताना महाराज गोकर्णाला महाशिवरात्रीच्या दर्शनाला उतरले आणि पुढे अंकोला, कारवारकडे वळले. मालवणहून बसरूरला जाणारे आरमार किनारा धरून चालते. म्हणजे ती गलबते या टोकासमोरून गेली. गडाच्या पश्चिम कड्यावर उभे राहून आम्ही तो विचार केला तेव्हा अंगावर काटा आला, हे कबूल करतो. समोर नुसते पाणी होते आणि दोन मासेमारी होड्या.

त्यानंतर दहा वर्षांनी, १६७५ च्या उन्हाळ्यात, महाराजांनी फोंड्याचा किल्ला आदिलशाहीकडून जिंकला आणि लगोलग दक्षिणेकडे अंकोला, कारवार, शिवेश्वर घेतले. बाळ्ळीचा महाल मराठ्यांच्या अमलात आला. बाळ्ळीच्या हवालदाराने महाराजांच्या हुकमावरून १६७९ साली साळ नदीच्या मुखाशी किल्ला बांधला. तो बेतूलचा किल्ला. नदीच्या पलीकडे पोर्तुगीजांची सासष्टी, म्हणून त्यांच्या नाकासमोर ही चौकी. आज तिथे थोडेच अवशेष उरले आहेत. आपल्या देखाव्यात बेतूलची पाटी बरोबर होती.

तर मराठ्यांचा सागरी किल्ला बेतूलला, आणि त्याच्या दक्षिणेला काही कोसांवर सोंदेकरांचा खोलगड. फोनवरच्या संदेशात कुणीतरी दोन्ही एक करून टाकले. आम्ही ते आनंदाने उतरवून घेतले, कारण ते आम्हांला हवे होते. चूक माहितीची होती, पण तिच्यामागे हौस होती. प्रत्येक तटावर आपला झेंडा दिसावा ही ती हौस. बेतूलला तो खरोखर होता. मग खोलगडावरही कशाला रोवायचा?

राज्य गेले, राजा आला

१७६३ च्या जानेवारीत हैदर अलीने बिदनूर घेतले. बिदनूर पडल्यावर शेजारच्या सोंद्याचे दिवस भरले होते. हैदरचे सैन्य घाटमाथ्यावर आले तेव्हा सोंद्याचा राजा सवाई इम्मडी सदाशिव कुटुंबासह घाट उतरून गोव्यात आला आणि पोर्तुगीजांचा आश्रय मागितला. ज्या पोर्तुगीजांशी सोंदेकरांचे कधी वैर, कधी व्यवहार असे चालले होते, त्यांच्याच दारी यावे लागले. पोर्तुगीजांनी आश्रय दिला, तनखा दिला, राहायला फोंडा महालात बांदिवड्याला जागा दिली. नागेशी आणि महालक्ष्मीच्या देवळांकडे जाताना सोंदेकरांचा वाडा लागतो. आपल्यापैकी अनेकजण वर्षातून एकदा तरी त्या रस्त्याने जातात.

या धामधुमीतच फोंडा, आजचे केपे-सांगे आणि काणकोण हा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यात खोलगडही आला. १७९१ च्या तहाने सोंदेकरांनी या प्रदेशावरचा हक्क रीतसर सोडला. पुढे डिचोली, सत्तरी आणि १७८८ साली मिळालेले पेडणे मिळून या सगळ्याला 'नव्या काबिजादी' असे नाव पडले. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या 'जुन्या काबिजादी'.

नव्या आणि जुन्या काबिजादींतला फरक आपल्यासाठी फार मोठा आहे. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतली देवळे पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अशी आपली दैवते रातोरात नद्या ओलांडून फोंड्याकडे गेली. आज आपण ज्यांना फोंड्याची देवस्थाने म्हणतो, ती मुळात निर्वासित दैवते आहेत. दोनशे वर्षांनी तोच फोंडा पोर्तुगीजांकडे आला तेव्हा लोकांच्या पोटात गोळा आला असणार. पण या वेळी तसे झाले नाही. काळ बदलला होता, आणि प्रदेश ताब्यात घेताना लोकांचा धर्म, देवळे आणि चालीरीती अबाधित ठेवण्याचे आश्वासन पोर्तुगीजांना द्यावे लागले होते. फोंड्याची देवळे राहिली, काणकोणचे मल्लिकार्जुन राहिले, पर्तगाळचा मठ राहिला. राज्य गमावून आलेल्या एका लहान राजाचा प्रदेश ज्या अटीवर गेला, ती अट आजही आपल्या पालख्यांच्या वाटेवर उभी आहे. आम्ही त्याचे नावही पाटीवर घातले नव्हते.

बुकानन सोंद्याला पोहोचला तो १८०१ साली. तोवर राजधानी उजाड झाली होती. राजा गोव्यात, राजवाडा ओस, मिऱ्याचे मळे रान झालेले.

तुरुंग

पोर्तुगीजांनी खोलगडाची डागडुजी केली, बराकी बांधल्या, तोफा चढवल्या. २१ तोफांचा हा गड होता असे सांगतात. त्यांतल्या काही आजही गवतात गंजत पडल्या आहेत. पण नव्या काबिजादी मिळाल्यावर सरहद्द दक्षिणेला सरकली आणि या गडाचे लष्करी काम हळूहळू संपले. मग त्याला दुसरे काम मिळाले. १९५५ पर्यंत इथे सरकारी तुरुंग होता.

माणसांपासून दूर, तीन बाजूंनी कडा आणि समुद्र, चौथ्या बाजूला खंदक. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी निवडलेली जागा माणसाला आत ठेवायलाही तितकीच सोयीची असते. पोर्तुगालमध्येही हेच झाले. लिस्बनच्या उत्तरेला पेनिश हे असेच खडकाळ टोक आहे आणि त्यावरचा किल्ला सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेऊन नागरी स्वातंत्र्याची चळवळ पेटवली. त्यानंतर ज्यांना हद्दपारीची शिक्षा झाली त्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना याच पेनिशला पाठवले गेले. आपल्या मडगावच्या सभेचा धागा असा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जातो.

पेनिशचा किल्ला आज संग्रहालय आहे. आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झाला आहे. रेइश मागुशची दुरुस्ती होऊन तो २०१२ साली लोकांसाठी खुला झाला, तिथे मारियो मिरांडांची चित्रेही पाहायला मिळतात. खोलगडावर मात्र तुरुंग होता हे सांगणारे काही ठळक आम्हांला दिसले नाही. एका पडक्या भिंतीशी उभे राहून आम्ही तर्क करत होतो की कोठड्या कुठे असाव्यात. इथे कोंडलेली माणसे कोणत्या गुन्ह्यासाठी होती, कोणत्या गावची होती, हे भिंती सांगत नाहीत. चोर असोत की सत्याग्रही, रात्रभर याच लाटांचा आवाज ऐकत ती झोपली असतील.

भिंतींबद्दल थोडे

हा गड राज्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. तरीही जांभ्याच्या तटाला शत्रू दोन, पाणी आणि मुळे. आम्ही बांधकामातली माणसे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. तटाच्या माथ्यावर एखादे पिंपळाचे रोप उगवते. पहिल्या वर्षी ते बोटाएवढे असते, तेव्हा हाताने उपटता येते. दहा वर्षांनी त्याचे मूळ चिऱ्यांच्या सांध्यात शिरते आणि मग ते काढले तर भिंत येते, ठेवले तरी भिंत येते. पावसाचे पाणी तटाच्या मागे साचले आणि त्याला वाट मिळाली नाही तर ते मातीचा भार वाढवते, आणि एका आषाढात तटाचा तुकडा खाली बसतो. हे अचानक घडत नाही. पाच-सात वर्षे आधीपासून फट दिसत असते. सिमेंट थापणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जांभ्याला चुन्याचीच दरज लागते, कारण दगडाला श्वास घ्यावा लागतो. गडावर जाणाऱ्या आपल्या मुलांना एवढे जरी शिकवले की तटावर चढायचे नाही आणि चिरे हलवायचे नाहीत, तरी पुष्कळ झाले.

खोल गावातली दुपार

उतरताना आम्ही त्या गृहस्थांचे घर शोधले. गावात विचारले तर लगेच सापडले. अंगणात मिरच्या वाळत होत्या. खोलची मिरची. डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी, तांबडीलाल, तिखटाला बेताची आणि रंगाला पक्की. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या घरांतल्या लोणच्यांना आणि आमटीला जो रंग असतो तो कितीतरी वेळा या डोंगरावरून आलेला असतो. ही शेती करणारे वेळीप आणि इतर कष्टकरी समाज या टोकावर सोंदेकरांच्याही आधीपासून आहेत. राजे आले आणि गेले, तुरुंग आला आणि बंद झाला, मिरचीचे वाफे मात्र दर पावसाळ्यात नव्याने होतात.

चहा झाला. आम्ही पाटीबद्दल माफी मागितली. ते हसले. म्हणाले, पाटी चुकली तर बदलता येते, तुम्ही आलात हे बरे केलेत. मग त्यांनी आम्हांला विचारले, तुम्ही मूळचे कुठले? आम्ही चौघांनी चार उत्तरे दिली. एकाचे पणजोबा सावंतवाडीकडून पेडण्यात आले. एकाचे आजोबा बेळगावहून व्यापाराला आले. दोघांचे वडील १९६१ नंतरचे. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले, गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांत ते शिक्षक म्हणून आले. "म्हणजे तुमी हांगाचेच," ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

परतीच्या वाटेवर आम्ही यावरच बोलत होतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आपल्यापैकी अनेकांच्या घरची मते कुठे पडली ते सर्वांना माहीत आहे, आणि निकाल काय लागला तेही. त्यानंतर भाषेवरून जे झाले तेही आपण पाहिले. घरांत काही वर्षे अबोला राहिला, शेजारी दुरावले. आपली मुले आज शाळेत कोंकणी शिकतात, घरी मराठी बोलतात आणि दोन्हींत भांडतात. त्यांना हा प्रश्न पडत नाही. तो आम्हांला पडतो. आपण या भूमीचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी इथला प्रत्येक दगड मराठ्यांनी बसवला असे म्हणावे लागते, ही समजूत आमच्या पाटीत लपलेली होती. खोलच्या अंगणात बसल्यावर तिची गरज वाटली नाही. शिवाजी महाराजांची गलबते या टोकासमोरून गेली हे खरे आहे आणि ते सांगायला पुरेसे आहे. गड सोंदेकरांचा आहे हेही खरे आहे. एक खरे सांगण्यासाठी दुसरे झाकायचे कारण नाही.

आमच्यातल्या शिक्षकांनी एक गोष्ट सुचवली, ती मंडळाच्या बैठकीत मान्य झाली आहे. यापुढे देखाव्याची कोणतीही पाटी किमान एका पुस्तकावरून आणि त्या गावच्या किमान एका माणसाला दाखवून मगच लिहायची. फोनवरचा संदेश पुरावा म्हणून धरायचा नाही. काम वाढेल, पण पाट्या मुले वाचतात, आणि मुलांना पाटीच खरी वाटते.

यंदा देखाव्याचा विषय वेगळा आहे. तरीही मंडपाच्या प्रवेशाशी गेल्या वर्षीचा खोलगड पुन्हा ठेवला आहे. मुलांनी तट थोडा दुरुस्त केला, कपेल पांढरे रंगवले, तीन तोफा नव्या केल्या. समोरची पाटी आम्ही चौघांनी पुन्हा लिहिली आणि आधी खोलला जाऊन दाखवून आणली. ती अशी आहे:

"खोलगड, म्हणजेच काब द राम, तालुका काणकोण. श्रीरामाच्या वास्तव्याची लोकश्रद्धा. सोंद्याच्या नायक राजांचा किल्ला, १७६३ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे. १९५५ पर्यंत तुरुंग. आत संत आंतोनीचे कपेल. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराजांचे आरमार याच टोकासमोरून बसरूरला गेले. गेल्या वर्षी या पाटीत आमची चूक झाली होती, ती दुरुस्त केली आहे."

शेवटचे वाक्य ठेवावे की नाही यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. ठेवले आहे. चौथ्या दिवसाच्या आरतीला खोलचे ते आजोबा नातीसह येणार आहेत. त्यांनी येताना मिरच्या आणायचे कबूल केले आहे. आपणही सहकुटुंब यावे.